भिडे पूल गेला का?

जनसंपर्काच्या कामातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आधी आपण या पदाला पात्र नाही म्हणायचे आणि मग तासभर पात्रता सिद्ध करत बसायचे, अशी आपल्याकडची रीत. वेळ थोडा आहे, दोन्ही गाळतो.

कार्यक्रमपत्रिकेत समाजमाध्यमे, संस्थेची प्रतिमा, संकटकाळातली प्रसिद्धी असे भारदस्त विषय आहेत. मी बोलणार आहे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या सूचनेवर. संस्था आतल्या आत काय बोलते आणि बाहेरच्यांशी काय बोलते, हे दोन्ही एकाच वेळी उघडे पडते ते जुलैतल्या एखाद्या रात्री, पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे दरवाजे उचलताना.

खडकवासला नावाने मोठे, पोटाने लहान. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि हे मिळून साखळीत सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. त्यात खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम दोन. वर घाटात पाऊस कोसळू लागला की येवा, म्हणजे वरून येणारे पाणी, थोपवायला जागाच उरत नाही. 35 हजार क्युसेकने पाणी सोडले तर एक टीएमसी साधारण आठ तासांत निघून जाते, यावरून काय ते समजा. दरवाजे रात्रीबेरात्री उचलावे लागणारच. त्यासाठी अभियंत्याला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

मग मोबाइलवर संदेश येतो. त्याचा मसुदा तुम्हाला पाठ असेल, कारण तुमच्यापैकीच कोणी तरी तो लिहिलेला असतो. धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे. पावसाच्या प्रमाणानुसार व येव्यानुसार त्यात बदल होऊ शकतो. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक अक्षर चुकीचे नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. पण सिंहगड रस्त्याला तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना त्यावरून गाडी हलवायची की गादी, हे कळत नाही. आणि सतर्क राहायचे म्हणजे रात्री दोन वाजता नेमके करायचे काय? खिडकीत बसायचे?

पुणेकराने यावर आपला उपाय काढला. तो विसर्गाचा आकडा विचारत नाही, तो विचारतो, “भिडे पूल गेला का?” डेक्कनजवळचा हा बुटका पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि शहराला नदीची उंची कळते. कोणत्याही खात्याने हे माप ठरवून दिलेले नाही. अडचण एवढीच, की सिंहगड रस्त्याकडची, पाणी शिरणारी एकतानगरी ही वस्ती भिडे पुलाच्या बरीच वर, विठ्ठलवाडीकडे आहे. तिथल्या माणसाला त्याच्या दाराजवळची खूण हवी, आणि ती त्याला अजून कोणी दिलेली नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे बघा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलावर मोजतात: 40 आणि 45. किती फुटांना पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येते, हे तिथली शाळकरी पोरेही सांगतात. आकडा सरकारचा, अर्थ लोकांचा. आपल्या क्षेत्रातले इतके यशस्वी काम मला दुसरे दाखवता येणार नाही, आणि ते कोणत्याही जनसंपर्क विभागाने मोहीम काढून केलेले नाही.

तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे काय झाले ते आठवा. पाणी दोन्हीकडे 55 फुटांपुढे गेले. अनेक घरांत माणसे 2005 च्या पुराची खूण बघत बसून राहिली. तेव्हा पायरीला लागले नव्हते, आता कशाला येते? लोकांच्या मनातले माप कामाचे, पण ते मागच्या पुराचे असते. या वेळी गोष्ट वेगळी आहे, हे मोठ्याने सांगणारा माणूस त्या मापाबरोबर लागतो, आणि तसे म्हणायला संस्थेत कोणी पटकन धजत नाही. इथून मी आत येतो.

मी पाहिलेली एक नस्ती सांगतो. खाते पाणीपुरवठ्याचे, गावाचे नाव घेत नाही. मुख्य जलवाहिनीवर फिरणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने लिहिले होते: सांधा गळतो आहे, वाहिनी फुटण्याची शक्यता आहे. उपअभियंत्याकडे गेल्यावर त्याचे झाले, “वाहिनीची स्थिती समाधानकारक नाही.” आणखी एक जिना चढल्यावर, “देखभालीची कार्यवाही प्रगतिपथावर आहे.” वरच्या साहेबांनी त्यावर फक्त “पाहिले” असे लिहून सही केली. प्रसिद्धीपत्रक याच शेवटच्या वाक्यावरून निघाले आणि शहराला कळले की पाणीपुरवठा सुरळीत आहे. वाहिनी पुढे फुटलीच. या सगळ्यात धडधडीत खोटे कोणीच लिहिलेले नाही. प्रत्येकाने वरच्याला रुचेल इतकीच धार बोथट केली.

हे सरकारी खात्यांचेच दुखणे आहे असे खाजगी कंपन्यांतल्या मंडळींनी समजू नये. 1986 मध्ये नासाचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटले. चौकशी मंडळावर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. यान गमावण्याचा धोका किती, हे त्यांनी नासात विचारले. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक म्हणत होते, व्यवस्थापन लाखात एक. एकाच संस्थेत, एकाच यानाबद्दल! रबरी कडी थंडीत दगा देतील ही धास्ती बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बोलून दाखवली होती. ती त्या खाजगी कंपनीच्याच वरिष्ठांनी बाजूला सारली.

आणि आपले पानशेत. 12 जुलै 1961. धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्यात पाणी साठवले होते. फुटण्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांच्या कष्टांमुळे धरण सकाळपर्यंत तगले, नाहीतर लोंढा अंधारातच शहरावर आला असता. म्हणजे धोका आतल्यांना माहीत होता, इतका माहीत होता की जवान बोलावले गेले. आणि पेठांतल्या कित्येकांना तो कळला पाणी दिसल्यावर. धरणावर पोती पोचली, शहरात बातमी पोचली नाही.

त्रेसष्ट वर्षांनी, 25 जुलै 2024 च्या पहाटे, विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि एकतानगरीत पाणी शिरले. रहिवाशांची तक्रार होती की आम्हाला कोणी सांगितले नाही. मग कोणी कोणाला कधी कळवले, यावर खात्यांत जुंपली. अशा वेळी प्रत्येक कार्यालय आपली जावक नोंदवही उघडते. संदेश किती वाजता गेला, कोणाकोणाला गेला, प्रत माहितीसाठी कोणाला, सगळे तिथे असते. तो वाचून कोण उठले, कोणाच्या दारावर थाप पडली, याची नोंदवही कोणत्याच कार्यालयात नसते. आपण आपल्या कामाचे मोजमापही असेच करतो: किती पत्रके काढली, किती कात्रणे आली. मला ते मोजमाप फसवे वाटते.

पाणी पहिल्यांदा कोणत्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते, हे क्षेत्रीय कार्यालयातल्या मुकादमाला माहीत असते आणि त्या सोसायटीच्या वॉचमनलाही. दरवाज्यावरच्या शाखा अभियंत्याला येव्याचा रंग तासभर आधी दिसतो. या तिघांना एकमेकांचा फोन नंबरही ठाऊक नसतो. त्यांच्यातला निरोप अधीक्षक अभियंता, आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि आयुक्तालय अशी प्रदक्षिणा घालून जातो. दिवसा ही वाट चालून जाते. रात्री दोनला त्या वाटेवरचा एखादा माणूस झोपलेला असतोच, आणि साहेबांना उठवायचे धाडस खालच्याला होत नाही. भोंगा वाजवायला वरची परवानगी लागत असेल तर तो भोंगा शोभेचा आहे.

शेवटी निळ्या पूररेषेबद्दल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा नकाशावर असतात. त्यांच्या आत सदनिका घेणाऱ्याला माहितीपत्रकात दिसतो तो “रिव्हर व्ह्यू”. ते माहितीपत्रकही आपल्याच धंद्यातल्या कोणी तरी लिहिलेले असते. ही गोष्ट आज इथे बोलली जावी म्हणून मी ती मुद्दाम राखून ठेवली होती.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. नदीकाठच्या शहरांत विसर्गाच्या प्रत्येक संदेशात आकड्याबरोबर वस्तीची नावे आणि करायची कृती असावी. ठरलेल्या मर्यादेपुढे विसर्ग गेल्यास धरणावरच्या अभियंत्याने कोणालाही न विचारता थेट क्षेत्रीय कार्यालयाला फोन करावा. आणि एप्रिल-मे महिन्यांत, नदी कोरडी असताना, एकदा रात्री याची रंगीत तालीम व्हावी. पाटबंधारे आणि महापालिका, दोन्हीकडची मंडळी समोर बसली आहेत. सूचक एकीकडचा आणि अनुमोदक दुसरीकडचा मिळाला तर बरे. मसुदा बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाआधी वाचून, खोडायचे ते खोडून आणा.