एका ट्रंपेटवादकाचे स्मरण

(महोत्सवाच्या सायंकाळी गायकवृंद व बँडवादक यांच्यासमोर केलेले भाषण)



आज प्रवचने पुष्कळ झाली. तेव्हा या घटकेस आम्ही एका वादकाविषयीच बोलणार आहोत. आमच्या परभणी जिल्ह्यातील वरातींत पितळी वाद्ये वाजविणारे तरुण येथे मागल्या बाकांवर बसले आहेत. हे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सन १९१६ मध्ये गोव्यातील हळदोणे गावी अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म झाला. पुढे ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील देवळांच्या संगीतशाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जात असे. हेतू एवढाच की, लॅटिन मिस्सेत गावयास व व्हायोलिन वाजवावयास मुले तयार व्हावीत. परंतु त्याच विद्येच्या बळावर ती मुले संस्थानांच्या बँडांत, हॉटेलांत आणि अखेर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत जाऊन पोहोचली. अंतोनियो त्यांपैकीच एक. मुलाने यंत्रकाम शिकून पोट भरावे, अशी त्यांच्या मातेची इच्छा होती असे सांगतात.

अमेरिकेतील लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. त्याचा घोगरा आवाज, हातातील रुमाल, सूर ओढण्याची लकब, हे सारे त्यांनी इतके उचलले की लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणू लागले. कोणी यास नक्कल म्हणेल. आमच्या मते नक्कल ही पहिली पायरी होती. खरे काम पुढेच झाले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांचे ते साहाय्यक झाले. संगीतकाराने पेटीवर चाल सांगावी आणि साहाय्यकाने ती स्वरलिपीत उतरवून वाद्यावाद्यास वाटून द्यावी, अशी त्या काळची रीत. ‘समाधी’ (१९५०) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील गाणी ऐकावीत. लष्करी कवायतीत हुकूम सोडणारे ते ट्रंपेट तेथे गाणाऱ्याशी थट्टामस्करी करते! ‘अलबेला’त तर चिक व त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. एरवी वादकाचे तोंड कोण पाहतो? श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई. फुंकणारे बहुधा निनावीच राहत. सन १९६७ मध्ये, पन्नाशीच्या सुमारास, ते मुंबईत निवर्तले.

त्यांचा प्रभाव दोन वाटांनी पसरला. सोबतच्या गोमंतकीय वादकांपर्यंत तो कागदावरून गेला. आमच्याकडील बँडवाल्यांपर्यंत कानावाटे आला. ज्यास स्वरलिपीचे एक अक्षर ठाऊक नाही, अशा वादकाने ग्रामोफोन आणि रेडिओ ऐकून तीच ओळ ओठांवर बसविली आणि ती आपल्या पोराला दिली. ही फिरत मूळ कोणाची, हे त्यास कोणी सांगितलेच नाही.

आणखी एक गोष्ट, जी काहींस रुचणार नाही. आपल्या घरांतून सोयरीक ठरविताना ‘मुलगा बँडवाला आहे’ हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाते. त्या हळदोण्याच्या मातेस आम्ही दोष देत नाही. लग्नसराई संपली की बँडवाल्याची चूल कशी पेटते, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु कालच्या मिरवणुकीत हीच मुले सर्वांच्या पुढे भर उन्हात चालली आणि जेवणाच्या पंगतीस मात्र सर्वांच्या शेवटी बसली. उद्याच्या पंगतीस ती प्रथम बसतील, आणि वाढावयास आम्ही स्वतः उभे राहू.

येत्या रविवारपासून मिस्सेनंतर सभागृहात स्वरलिपीचा वर्ग भरेल. मुलीही याव्यात. देवळाच्या मागील खोलीत पडलेली दोन जुनी ट्रंपेटे दुरुस्त करून घेतली आहेत. त्यांपैकी एकाची मधली कळ अद्याप अडते. ज्याच्या हातास हे काम येते, त्याने आजच भाषणानंतर आम्हांस भेटावे.