बेथेलच्या पिढ्या



जालन्याचे नाव निघाले की कोणाला मोसंबी आठवते, कोणाला लोखंडाचे कारखाने, तर कोणाला बियाणे. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. पण याच जालन्याच्या शिवारात एकोणिसाव्या शतकात एक गाव वसले आणि त्याला नाव मिळाले बेथेल. हे नाव मराठी नाही, तेलुगू नाही, निजामाच्या दरबारची उर्दूही नाही. ते हिब्रू आहे. याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपला, त्याला स्वप्न पडले, आणि जागा झाल्यावर त्याने त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले, अशी बायबलात कथा आहे. घराला नाव देणे सोपे. त्या घरात नातवंडा-पतवंडांनी राहावे हे अवघड. आज मला बोलायचे आहे ते या अवघड गोष्टीबद्दल.

गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री मूळचे परळीकर ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की न घ्यावे, यावरून मुंबईत केवढा गहजब झाला! आपल्या मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले, म्हणून सनातन्यांचा रोष त्यांच्यावरही आला. एका घरातले दोन भाऊ. एक गेला तो गेलाच, दुसरा परत आला. घराची काय अवस्था झाली असेल ती झाली.

आता योगायोग पाहा. त्याच १८४३ साली तिकडे स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा वाद होता. बाराशेच्या आसपास धर्मोपदेशकांपैकी साडेचारशेंहून अधिकांनी सरकारी चर्चचा पगार, घर, सारे सोडले आणि फ्री चर्च काढले. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी झाडून सारे त्यांच्या बाजूला गेले आणि चर्चच्या इमारतींवर त्यांनी पाणी सोडले. म्हणजे नारायणरावांनी घर सोडले त्या वर्षी त्यांच्या गुरूंनीही घर सोडले होते. ज्या मंडळीचा जन्मच असा सोडण्यातून झाला, तिच्यात जोर का होता हे वेगळे सांगायला नको.

मंडळी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याकडे 'आमची मंडळी' म्हटले की बायको समजतात; ख्रिस्ती माणूस मंडळी म्हणतो तेव्हा त्याला चर्च म्हणायचे असते, इमारत नव्हे, माणसे. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

नारायणरावांनी १८६० नंतर जालन्याला ठाणे केले. तेव्हा जालना हैद्राबाद संस्थानात होते, गावाशेजारी फौजेची छावणी होती. सर सालारजंग दिवाण असताना दरबारातून जमीन मिळाली आणि बेथेल उभे राहिले. तिथे आलेले लोक प्रामुख्याने मांग समाजातले होते. दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, गावकुसाबाहेर राहावे आणि गावात चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर घ्यावा, असे ज्यांचे जिणे, त्यांना स्वतःचे गाव मिळाले. पाटलाच्या गावातला एक कोपरा नव्हे, सबंध गाव! शाळेत आपले पोर पहिल्या ओळीत बसते, हे पाहिलेल्या बापाला बेथेल म्हणजे काय ते व्याख्यान देऊन समजावून सांगावे लागत नव्हते. १८७३ साली नारायणराव न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत डोक्याला पागोटे बांधून बोलले. १८९१ साली परदेशच्या प्रवासात, समुद्रावरच, त्यांचा अंत झाला.

ही पहिली पिढी. दुसरीचे काय झाले?

दुसऱ्या पिढीला सोडायचे असे काही नव्हते. तिला मिळायचे होते. मुलगा शिकला, मिशनच्या शाळेत मास्तर झाला; मुलगी नर्स झाली; कोणी कंपाउंडर, कोणी उपदेशक, कोणी बायबलबाई. यात वाईट काय? काहीच नाही. जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात औषधपाणी घेतलेल्या सर्व जातींच्या लोकांनी त्यांचे हात दुवा देण्याजोगे मानले. पण पगार देणारा तोच, पाळक नेमणारा तोच, घराचे छप्पर शाकारणारा तोच, आणि स्वर्गाची वाट दाखवणाराही तोच, अशी स्थिती झाली की श्रद्धा आणि नोकरी यांची गाठ पडते. मग साहेबाला सलाम करताना तो कोणत्या नात्याने केला, हे ज्याचे त्यालाही सांगता येत नाही. तिसरी पिढी तर मिशनच्या कंपाउंडातच जन्मली. तिच्या लेखी बाप्तिस्मा ही बारशाइतकीच घरातली रीत झाली.

आमच्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हापासून संकरित बियाणे त्याच्या परिचयाचे आहे. संकरित बियाणे पहिल्या वर्षी भरघोस देते. पण त्याच्याच दाण्यांतून पुढच्या साली पेरा करावा तर पीक बापासारखे येत नाही. बी दर हंगामाला नव्याने घ्यावे लागते. शास्ते या बायबलातल्या पुस्तकातही यहोशवाच्या माघारी आलेल्या पिढीची हीच तक्रार नोंदवलेली आहे. तेव्हा हे दुखणे मराठवाड्याचे नाही, फार जुने आहे.

हे दुखणे ज्यांनी ओळखले त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक मला पहिले वाटतात. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षे काम केले आणि १९१७ साली मिशनचा पगारच सोडला. 'देवाचा दरबार' नावाची एक मोकळी संगत काढली. तीत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते वारले आणि दरबार फार फुलला नाही. पण त्यांची भजने राहिली. त्यांच्याही आधी नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टाळ, वीणा, मृदंग ही देवळातली वाद्ये चर्चमध्ये कशाला, असे विचारणारे तेव्हाही निघाले. तरीही खेड्यातल्या ज्या म्हातारीला अक्षर ओळखता येत नव्हते तिला अभंगाची चाल येत होती, आणि चालीबरोबर अर्थही आला.

दुसरा प्रकार केडगावचा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनेची जी लाट उसळली, ती साहेबाच्या फर्मानाने नव्हे. तिच्यात दुष्काळातून वाचवलेल्या पोरी होत्या, विधवा होत्या. ज्यांना कोणी वारसा ठेवला नव्हता, त्यांच्याकडून जागृती सुरू झाली, हे मला लक्षणीय वाटते.

जालन्याकडे परत येऊ. स्कॉटलंडमध्ये १९०० साली आणि १९२९ साली चर्चे पुन्हा एक झाली. इकडे १९२४ साली संयुक्त चर्च झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या काळात परदेशी मिशनरी हळूहळू निघून गेले आणि कारभार आपल्या लोकांच्या हाती आला. कारभाराबरोबर जमिनीही आल्या, आणि जमिनींबरोबर महाराष्ट्रभर अनेक ठिकाणी भाऊबंदकी आणि कोर्टकचेऱ्याही आल्या. त्याविषयी जास्त बोलत नाही. ज्याच्या गावात झाले त्याला ते ठाऊक आहे.

आणखी एक कारण कायद्याचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाहीत; शिखांना त्या १९५६ साली, बौद्धांना १९९० साली मिळाल्या. परिणाम असा की रविवारी उपासनेला बसणारा माणूस शाळेच्या दाखल्यावर वेगळे लिहितो. बाप भीतीने लिहीत होता. मुलगा सवयीने लिहितो. अशा घरात नातवाला आजोबांचे बेथेल कोणत्या तोंडाने सांगायचे? २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार भरले. ही माणसांची संख्या की कागदांची, असा प्रश्न मला पडतो.

मातृचर्चची हालतही ऐका. चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद १९५६ च्या सुमारास १३ लाखांवर होते; २०२३ अखेर ते २ लाख ६० हजारांच्या आत आले. चर्चच्या इमारती विकायला निघाल्या आहेत. ज्यांनी जालन्याला शाळा दिली, दवाखाना दिला, त्यांच्या नातवंडांनी रविवारी घरी राहणे पसंत केले. तेव्हा पगाराची आणि परावलंबनाची सबब तिथे चालत नाही. तिथे पैसा होता, जमीन होती, सन्मान होता, आणि पिढी तरीही निसटली. आपल्याकडची मंडळी साहेबाच्या आधाराने कमकुवत झाली हे माझे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही, अपुरे मात्र ठरते.

सध्या मराठवाड्यात घरोघरी प्रार्थनेच्या बैठका भरतात. पाळकाचा झगा नाही, घंटा नाही. पत्र्याच्या खोलीत सतरंजी, ढोलकी नाहीतर कीबोर्ड, आणि आजाऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना. जुन्या मंडळीतले वडील यावर नाक मुरडतात. शिस्त नाही, शिक्षण नाही, आज आहेत उद्या नाहीत, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. काही बैठकांत एकाच माणसाच्या शब्दावर सगळे चालते, म्हणजे साहेब गेला आणि दुसरा साहेब आला. पण तिथली वर्गणी तिथलेच लोक देतात, मजुरीच्या पैशांतून देतात, हेही त्या वडिलांनी पाहावे.

आणि जुन्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला अजून कोणी ज्वारीची कणसे आणते, कोणी कोंबडी, कोणी डझनभर अंडी. मग उपासनेनंतर लिलाव होतो. पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा त्या दिवशी आला असेल तर चढाओढीने बोली लावतो आणि दहा रुपयांचा भोपळा पाचशेला घेतो. भोपळा तो नेत नाही, म्हातारीकडे ठेवून जातो. पुढच्या रविवारी बाकावर पुन्हा म्हातारीच असते.