लेकरांचा पहिला फिशटँक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या बालमेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सव म्हटला की संस्था कशी उभी राहिली, प्लॉट कसे पडले, पहिला बोअर कुठे घेतला, यावर बोलायची रीत आहे. ते काम इतर ज्येष्ठ सभासद करणारच आहेत. मला मात्र सचिवांनी बजावलं, "साहेब, तुम्ही लेकरांसाठी बोला. माशांवर बोला." बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी मासे पाळतो, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

या विषयाला एक कारणही घडलं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सोसायटीतल्या चार घरांनी लेकरांच्या हट्टापायी फिशटँक आणले. दहा दिवसांत त्यांतले तीन रिकामे झाले. दुसरीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, मी पाणी रोज बदललं, खाऊ पण भरपूर टाकला. मग मासे मेले कशाला?" घरच्यांनी तिला सांगितलं होतं की मासे असेच असतात, मरतातच. हे खरं नाही. साधा गप्पी मासासुद्धा नीट ठेवला तर दोनेक वर्षं जगतो. त्या मुलीला मिळायला हवं होतं ते उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

आधी टाकीचं बघू. दुकानात गोल काचेचं भांडं दाखवतात. दिसायला सुरेख, किमतीला स्वस्त. पण ते घेऊ नका. त्यात पाणी मावतं चार-पाच लिटर आणि हवेशी संबंध येतो तो अरुंद तोंडापुरता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ज्या खात्यात शिल्लकच नाही, ते एका चुकीच्या चेकने बुडतं. पाणी जितकं जास्त, तितकी चूक पचते. लेकरासाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी चौकोनी टाकी पुरे. वर दोन इंच जागा सोडली आणि तळाला वाळू घातली, तर तिच्यात साधारण 30 लिटर पाणी राहतं. म्हणजे मोठ्या दोन बादल्या. काच, वाळू धरून वजन 45-50 किलो होतं. तेव्हा डगमगत्या स्टुलावर नको, भक्कम टेबलावर ठेवा. खाली थर्माकोलचा पत्रा घाला. खिडकीचं ऊन थेट पडता कामा नये, नाहीतर पाणी हिरवं होतं आणि उन्हाळ्यात तापतं.

आता पाणी. आपल्याकडे तीन प्रकारचं पाणी असतं. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं. असं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावं, नाहीतर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावेत. दुसरं बोअरचं पाणी. ते जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना जड पाणीच मानवतं. फक्त तेही रात्रभर बादलीत ठेवून, ढवळून मग घालावं. तिसरं फिल्टरच्या जारचं पाणी. ते आपल्याला गोड लागतं, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात. नुसतं तेच पाणी या माशांना चालत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लेकरांनो, इकडे लक्ष द्या. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाऊतून अमोनिया तयार होतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, तरी आत विष असतं. निसर्गात त्यावर सोय आहे. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असलं तर माशांना बाधत नाही, आणि झाडांना ते खतासारखं लागू पडतं. पण हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

त्या मुलीच्या टाकीत काय झालं ते आता कळेल. टाकी रविवारी आली, त्याच संध्याकाळी दहा मासे आले. जिवाणू नव्हते. खाऊ भरपूर पडला, अमोनिया वाढला. वर रोज सगळं पाणी काढून ताजं नळाचं पाणी भरलं, त्यातलं क्लोरीन माशांना बाधलं आणि जे थोडेफार जिवाणू आले असतील तेही गेले. लेकराने माया केली होती. टाकीला वेळ द्यावा लागतो, हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. टाकी आणली की साबण न लावता धुवा. नदीची जाड वाळू स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुऊन दोन इंच पसरा. वालिस्नेरिया किंवा हायड्रिलासारखी दोन-तीन पाणवनस्पतींची रोपं लावा. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि महिनाभर टाकी माशांविना चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचा खाऊ टाका, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. लेकराला धीर निघत नसेल तर कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा. ज्यांच्याकडे जुनी टाकी आहे त्यांच्याकडून वापरलेल्या स्पंजचा तुकडा मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो. तपासणीचं किट मिळालं तर फारच छान. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणावेत.

कोणते मासे? पहिल्यांदा पाच-सहा गप्पी, तेही सगळे नर. नर रंगीत आणि मोठ्या शेपटीचे असतात. माद्या आणल्या तर सुमारे महिन्याला एकेक मादी पंचवीस-तीस पिलं देते आणि बघता बघता टाकी भरून जाते. गप्पी हे नाव कुठून आलं तेही सांगतो. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी आडनावाच्या एका गृहस्थांनी हा मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला आणि 1866 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञाने त्याला त्यांचं नाव दिलं. तोच मासा आज आपल्याकडे आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून टाक्यांत आणि डबक्यांत सोडतात.

गोल्डफिश, ऑस्कर, सकर यांच्या वाटेला पहिल्या टाकीत जाऊ नका. दुकानातला दोन इंची सकर मोठा होऊन फूटभराच्याही पुढे जातो. मोठे मासे बघायची हौस असेल तर ते मत्स्यालयात बघावेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. मुंबई बघायला गेलेल्या आपल्या पिढीतल्या अनेकांनी पहिला रंगीत मासा तिथेच बघितला.

नांदेडहून किंवा लातूरहून मासे आणायचे तर एसटीत दीड-दोन तास जातात. पिशवी सावलीत ठेवा. घरी आल्यावर बांधलेली पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग ती उघडून अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी आत ओतू नका.

खाऊ दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. आठवड्यातून एक दिवस उपवास चालतो. वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांच्या लेकरांपासून डबा दूर ठेवा.

आपल्याकडचे दोन प्रश्न पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत फारसे नसतात. एक, लाइट जाते. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. बराच वेळ लाइट आली नाही तर टाकीतलंच पाणी मगाने उचलून वरून हळूहळू ओतत राहावं; हवा मिसळते. दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. पारा 42 वर गेला की पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. झाकण उघडून वर जाळी ठेवा, पंखा फिरू द्या, बर्फाची बंद बाटली थोडा वेळ तरंगवा. आणि पालकांनो, टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

काही सभासद म्हणतील, माणसाला प्यायला पाणी नाही आणि हे मासे कसले पाळता? प्रश्न रास्त आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पण हिशेब मांडून बघा. दर आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे सात-आठ लिटर. ते पाणी मोरीत जात नाही. तुळशीला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला घालायचं. त्यात खत असतंच. फिल्टरचा स्पंजही त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. उलट ज्या लेकराने महिनाभर पाण्याची निगा राखली, ते घरातला नळ उघडा टाकणार नाही.

एक विनंती कळकळीने करतो. मासे नकोसे झाले तर लेंडी नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका. त्याला पुण्य समजू नका. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात. ते विकले जात नाहीत, जाळी फाडतात आणि नुकसान होतं ते गरीब मच्छीमाराचं. नको झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

आणि शेवटचं, आई-वडिलांसाठी. सगळं नीट करूनही एखादा मासा मरेल. रात्रीतून गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवू नका. लेकराला खरं सांगा. रडू द्या. झाडाखाली खड्डा करून पुरू द्या. मग दोघं मिळून पाणी तपासा, बाकीच्या माशांकडे बघा. आपण सांभाळलेला जीव जातो तेव्हा काय वाटतं, आणि तरी उरलेल्यांचं करावं लागतं, हे लेकरू घरात, आपल्याजवळ शिकलेलं बरं.

माझ्या टाकीत जुना स्पंज भरपूर आहे आणि दर महिन्याला गप्पीची पिलंही होतात. ज्यांना टाकी सुरू करायची त्यांनी आधी येऊन स्पंजाचा तुकडा न्यावा, महिनाभराने मासे न्यावेत. पैसे नकोत. एकच अट आहे: पुढे तुमच्या टाकीतला तुकडा शेजारच्या लेकराला द्यायचा.

बालमित्रांनो, प्रश्न असतील तर रविवारी सकाळी घरी या.