छोट्या भाषेचं यजमानपण

(परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेलं व्याख्यान)



परदेशात मराठी टिकवायची कशी, हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. त्याचं एक उत्तर मला स्ट्रुगा नावाच्या गावात सापडतं. उत्तर मॅसिडोनिया या बाल्कन देशात, ओह्रिड सरोवराच्या काठी वसलेलं हे पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. सरोवरातून ड्रिम नदी इथेच बाहेर पडते आणि भर गावातून वाहत जाते. दरवर्षी उन्हाळा सरता सरता जगभरचे कवी इथे जमतात. ‘स्ट्रुगा काव्यसंध्या’ हा महोत्सव साठ वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे.

याची सुरुवात एका पुस्तकापासून झाली. दिमितार आणि कॉन्स्टंटिन मिलादिनोव्ह हे स्ट्रुगाचे दोन भाऊ. काळ ऑटोमन राजवटीचा. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या, तशी या भावांनी लोकगीतं गोळा केली. छापायला पैसा नव्हता. क्रोएशियातले बिशप श्ट्रोसमायर मदतीला आले आणि 1861 साली झाग्रेबमध्ये साडेसहाशेहून अधिक गीतांचा संग्रह निघाला. पण त्याच वर्षी थोरल्या दिमितारला अटक झाली. त्याला सोडवायला धाकटा कॉन्स्टंटिन इस्तंबूलला गेला आणि तोही कैदेत पडला. जानेवारी 1862 मध्ये दोघेही तुरुंगातच वारले. आज बल्गेरिया आणि उत्तर मॅसिडोनिया, दोन्ही देश त्यांना आपलं म्हणतात.

त्या पुस्तकाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1961 साली, मॅसिडोनियन कवी या भावांच्या गावी जमले. मॅसिडोनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता; 1963 पर्यंत त्या सगळ्या देशातून कवी येऊ लागले. 1966 मध्ये महोत्सव आंतरराष्ट्रीय झाला आणि ‘सुवर्ण पुष्पमाला’ हा पुरस्कार सुरू झाला. पहिले मानकरी होते सोव्हिएत कवी रॉबर्ट रोझ्देस्त्वेन्स्की. पुढची नावं ऐका: 1971 मध्ये इंग्रजीतले ऑडन, 1972 मध्ये चिलीचे नेरुदा, 1973 मध्ये इटलीचे मोन्ताले, 1975 मध्ये सेनेगलचे सेंघोर. 1983 मध्ये आपले हिंदीचे अज्ञेय. 1986 मध्ये अमेरिकेचे गिन्सबर्ग, 2007 मध्ये पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मॅसिडोनियन भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला 1944 साली. तिची वर्णमाला आणि शुद्धलेखनाचे नियम ठरले 1945 मध्ये. म्हणजे जगाला आमंत्रण धाडलं तेव्हा या भाषेच्या प्रमाण लेखनाला जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. देशाची वस्ती आजही 20 लाखांच्या आसपास. ही भाषा घडवणाऱ्यांत अग्रणी असलेले ब्लाझे कोनेस्की स्वतः कवी होते आणि 1981 ची पुष्पमाला त्यांनाच मिळाली. ‘आधी आपलं घर भक्कम करू, मग पाहुणे बोलावू’ असं या मंडळींनी म्हटलं नाही. पाहुण्यांच्या येण्यानंच घर भक्कम होत गेलं.

ते कसं, हे पाहायचं असेल तर शेवटच्या रात्रीच्या वाचनाकडे पाहा. कवी उभा राहतो नदीवरच्या पुलावर. श्रोते दोन्ही काठांवर. कवी आधी स्वतःच्या भाषेत वाचतो. मग तीच कविता मॅसिडोनियन अनुवादात वाचली जाते. इंग्रजीची मध्यस्थी लागत नाही. आधी दुसऱ्याचा नाद ऐकायचा, मग त्याचा अर्थ आपल्या भाषेत घ्यायचा. पुष्पमालेच्या मानकऱ्याच्या कविता मॅसिडोनियन पुस्तकरूपात येतात. अशा रीतीनं पिढ्यान्‌पिढ्या अनुवादक तयार झाले आणि जगाची कविता त्या भाषेच्या घरात नांदायला आली. मानकरी गावातल्या काव्य-उद्यानात एक झाडही लावतो.

महोत्सवाचा सगळाच काळ काही सुखाचा नव्हता. 1991 साली युगोस्लाव्हिया फुटत असताना पुष्पमाला होती रशियन कवी जोसेफ ब्रॉडस्कींसाठी. 2001 मध्ये देशातच मॅसिडोनियन सरकार आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यात लढाई पेटली, ऑगस्टमध्ये समझोता झाला. त्या वर्षीचे मानकरी होते उत्तर आयर्लंडमध्ये वाढलेले आणि तिथली हिंसा पाहिलेले कवी सीमस हीनी. दोन्ही समाज राहतात अशा गावानं त्या वर्षी अशा कवीला मान द्यावा, याचं मोल मला फार वाटतं.

आपली संमेलनांची परंपरा तर स्ट्रुगाच्या महोत्सवाहून जुनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं 1878 साली पुण्यात ग्रंथकार संमेलन भरलं. 2009 साली अमेरिकेत सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन झालं. कवी दिलीप चित्रे यांनी दिल्लीत जागतिक काव्यमहोत्सव भरवला होता. म्हणजे असं यजमानपण मराठी माणसाच्या हातून झालेलं आहे. पण आपल्या संमेलनांत बहुतेक वेळा मराठी माणूस मराठी माणसालाच ऐकवतो. मराठी बोलणारे 8 कोटींहून अधिक, 2024 पासून भाषेला अभिजात दर्जा. मग दुसऱ्याचं ऐकून घेण्यात आपण मागे का?

माझी मंडळाला एक विनंती आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांतली एक संध्याकाळ आपल्या शहरातल्या इतर भाषांच्या कवींना द्या. या देशाच्या भाषेतला एक कवी बोलवा, स्थलांतरित होऊन आलेल्या आणखी दोन-तीन भाषांतले बोलवा. त्यांनी आपल्या भाषेत वाचावं आणि मराठी अनुवाद आपल्या मुलांनी वाचावा. इथल्या शाळांत शिकलेल्या या मुलांना दोन भाषा येतात. ‘घरात मराठी बोला’ असं आपण त्यांना सतत सांगतो. त्यांच्याशिवाय अडेल असं काम मात्र त्यांच्यावर सोपवत नाही. अनुवाद हे तसं काम आहे. एका कवितेसाठी मूल आठवडाभर आजीला शब्द विचारत बसलं, तर मराठीच्या शिबिरांतून जे साधत नाही ते साधेल.

वाचलेले अनुवाद मंडळाच्या अंकात छापा. पहिल्या वर्षी चार कविता मिळाल्या तरी पुरे. स्ट्रुगाची सुरुवातही घरच्याच मोजक्या कवींनी झाली होती. फरक एवढाच, की त्यांनी पाच वर्षांत दार जगाला उघडलं आणि नंतर ते कधी लावलं नाही.