माल कुठला, आणि कसला?

ड्रिल घेताना गिऱ्हाईक पहिल्याने विचारते, "माल कुठला?" सुताराच्या सामत्याचे टोक गावचा लोहार घडवी, तेव्हा या प्रश्नाला अर्थ होता. पीळदार ड्रिलची गोष्ट निराळी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली त्याचे एकस्व मिळविले, आणि पुढे हे हत्यार देशोदेशीच्या कारखान्यांत अनोळखी हातांनी तयार होऊ लागले. आज ते चेन्नईत बनते, जर्मनीत बनते, चीनमध्येही बनते. आणि एकाच देशातून उत्तम व टाकाऊ असे दोन्ही प्रकारचे माल बाहेर पडतात.

गुण ठरतो तो पोलादावर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर. हायस्पीड पोलादात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम यांचा अंश असतो. ते सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड करतात. मग सुमारे ५५० अंशांवर दोन-तीनदा पुन्हा तापवितात. ही दुसरी तापवणी मोठी वेळखाऊ. तिच्यात केलेली काटकसर दुकानात डोळ्यांना दिसत नाही, आणि सोनेरी मुलामा तर हलक्या पोलादावरही चढविता येतो! ती उघडी पडते कामावर. ड्रिल ऐन भोकात मोडते, तुकडा आत अडकतो आणि छोट्या कारागिराची दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून ड्रिल काचेवर लोळवून पाहावे. वाकडे असल्यास ते डुगडुगते. टोकाच्या दोन्ही धारा भिंगाखाली पाहाव्यात. एक धार लांब असली, की भोक मापापेक्षा मोठे पडते.