दोन तरुणांच्या प्रेमकथा आणि आपलें घर



थायलंड, जपान, तैवान, कोरिया या देशांत गेल्या दहा-बारा वर्षांत एका निराळ्याच प्रकारच्या मालिकांचें पीक आलें आहे. त्यांचा नायक तरुण असतो आणि नायिकेच्या जागींही तरुणच असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'बीएल' म्हणतात. थायलंडची 'सोटस' (२०१६), जपानची 'चेरी मॅजिक' (२०२०), कोरियाची 'सिमँटिक एरर' (२०२२) हीं त्यांतलीं गाजलेलीं नांवें. यांपैकीं पुष्कळ मालिका इंग्रजी भाषान्तराच्या ओळींसह फोनवर पाहावयास मिळतात; तेव्हां कळंब-उमरग्याच्या मुलामुलींनाही बँकॉकचें कॉलेज दूरचें राहिलेलें नाहीं. वडीलधाऱ्यांस याचा पत्ता लागलाच, तर 'परदेशी थेर' म्हणून ते मोकळे होतात.

या 'परदेशी' शब्दापाशीं मी थोडा अडतों. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस 'संयुक्त मानापमान' झालें. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. प्रणयप्रसंग करणारे दोघेही पुरुष आहेत हें प्रेक्षागृहांतील प्रत्येकास ठाऊक होतें, आणि त्या खेळाचें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. बालगंधर्वांच्या लुगड्याची नि केशरचनेची नक्कल चांगल्या घरच्या स्त्रिया करीत. तेथें एक पुरुष स्त्रीवेषांत असे, हा भेद मोठा आहे आणि तो मी झांकीत नाहीं. पण दोन नटांच्या प्रणयांत रंगून जाणारी स्त्रियांची रसिकता आपल्याकडे नवी नव्हे, एवढें त्यावरून दिसतें. बीएलचें मूळही स्त्रियांपाशींच आहे. जपानांत मोटो हागिओ यांची 'थॉमसचें हृदय' ही चित्रकथा १९७४ सालीं आणि केइको ताकेमिया यांची 'वारा आणि वृक्ष यांचें गीत' १९७६ सालीं प्रसिद्ध होऊं लागली. लिहिणाऱ्या स्त्रिया, आणि वाचणाऱ्या बहुतेक मुली.

या मालिकांचा पहिला गुण म्हणजे सबुरी. 'चेरी मॅजिक'चा नायक कचेरींतला एक बुजरा नोकर. तिसाव्या वर्षीं त्याला अशी सिद्धि लाभते कीं, ज्याला हात लागेल त्याचें मन वाचतां यावें. आणि ज्या सहकाऱ्याला तो आपल्याहून सर्वथा श्रेष्ठ समजत आला, तोच आपल्यावर प्रेम करतो हें त्यास कळून येतें. युक्ति पोरकट खरी. पण आपल्यावरही कोणी प्रेम करूं शकेल, यावर विश्वास बसावयास त्या बिचाऱ्याला बारा भाग लागतात, आणि ते बारा भाग मोठ्या हळुवारपणें रचलेले आहेत.

दुसरा गुण म्हणजे सुखान्त. मराठींत या विषयावर जें कसदार लेखन झालें, त्यांत दुःखाचाच वांटा मोठा. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकांत स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा शेवटीं जीव देते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरींत भाऊ आणि बहीण एकाच पुरुषावर प्रेम करतात, नि दोघांच्याही पदरीं विरह येतो. जाणत्या वाचकास त्यांतून पुष्कळ मिळतें. पण स्वतःविषयींच धास्तावलेल्या सोळा वर्षांच्या पोरास 'तूंही सुखी होऊं शकशील' हें कोणीं सांगावयाचें? तें या हलक्याफुलक्या मालिका सांगतात. हें काम लहान नव्हे.

दोष सांगावयास बसलें तर तेही थोडे नाहींत. एक उंच व दांडगा, दुसरा नाजूक व लाजरा, असा नवराबायकोचाच जुना सांचा पुनःपुन्हा वापरला जातो. जबरीनें घेतलेलें चुंबन प्रेमाची खूण ठरतें. 'मला पुरुष आवडत नाहींत, फक्त तूं आवडतोस' हें वाक्य तर इतक्या नायकांच्या तोंडीं येतें कीं ऐकून वीट यावा. ज्या मुलाला खरोखरच पुरुष आवडतात, त्याच्याकडे पाठ फिरवूनच तें बोललेलें असतें. शिवाय ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं एकजण दुसऱ्याच्या गालास क्रीम लावतो आणि डबीवरचें नांव नेमकें आपल्याकडे वळतें!

तथापि माझा मुख्य आक्षेप निराळाच आहे. या मालिकांत पुष्कळदां घरच नसतें. नायक वसतिगृहांत किंवा चकचकीत खोलींत राहतो. बाप कोठें आहे, जमीन किती, बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे कीं काय, यांचा मागमूस नाहीं. आणि स्त्री असलीच तर ती मत्सरी प्रतिस्पर्धी तरी असते, नाहींतर दोघांची गांठ घालून देणारी हसरी मैत्रीण. आपल्या जिल्ह्यांत ही कथा अशी घडूं शकत नाहीं. येथें मुलगा पंचविशीचा झाला कीं 'यंदा तुळशीच्या लग्नानंतर बार उडवून टाका' असा घोष सुरू होतो. मुलगा गप्प बसतो. पोहे होतात, सोलापुरास बस्ता बांधला जातो, आणि जिला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं अशी एक मुलगी त्या घरांत येते. पुढें कित्येक वर्षें ती स्वतःलाच दोष देत राहते. या प्रेमकथेंतलें तिसरें माणूस तें हें; आणि मालिकांत तें कोठेंच दिसत नाहीं.

कायद्याचाही फरक आहे. तैवानांत २०१९ सालापासून आणि थायलंडांत जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांस विवाह करतां येतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला. तेव्हां तिकडचा सुखान्त उचलून इकडे बसवितां येत नाहीं.

मग मराठींत हें लिहावें तरी कसें? रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटानें याचें एक उत्तर दिलें आहे. २०२५ सालीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत त्याला जागतिक चित्रपट-विभागांतील परीक्षकांचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. आनंद हा मुंबईचा तरुण बापाच्या सुतकाचे दहा दिवस पाळण्यास गांवीं येतो. तेथें त्याला बालपणचा सोबती बाळ्या भेटतो. तो शेतकरी, आणि तोही लग्नाच्या तगाद्यानें गांजलेला. नातेवाईक आहेत, विधि आहेत, भाऊबंदांच्या चौकशा आहेत. आणि सर्व जाणून मुलाच्या पाठीशीं उभी राहणारी आई आहे. बाळ्या आनंदासाठीं निवडुंगाचीं बोंडें आणतो. तीं खावयाचीं तर आधीं कुसळें काढावीं लागतात, हें भूम-परांड्याच्या माळावर वाढलेल्यास सांगणें नको. सबुरी येथेंही आहे, पण ती भरल्या घरांत राहून धरलेली सबुरी आहे.

एवढें असूनही ज्या मुलीशीं बाळ्याचें लग्न लावूं पाहतात, तिची कथा शिल्लकच राहते. आपल्याकडचा एखादा लेखक कधीं अशी मालिका लिहावयास बसलाच, तर पहिला प्रवेश त्यानें तिच्या घरीं लिहावा: पाहुणे येऊन बसले आहेत, ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते, आणि समोरचा मुलगा मान वर करीत नाहीं.