खुळखुळ्याची निवड

बारशाच्या दिवशी पाळण्याशेजारी भेटवस्तूंची जी रास साचते, तीत अलीकडे झबली-टोपडी मागे पडली असून कळ दाबताच चार-चार गाणी म्हणणारी खेळणी पुढे आली आहेत. देणाऱ्याचा स्नेह निःसंशय असतो. मात्र ज्याच्यासाठी ती वस्तू घेतली, त्या इवल्या जिवाला नेमके काय हवे, याचा विचार दुकानात क्वचितच होतो.

बाळाचे कान जन्मापूर्वीच कामाला लागलेले असतात. गर्भात असतानाच ते आईचा आवाज ऐकू लागते. डीकॅस्पर व फायफर या संशोधकांनी १९८० साली प्रयोगाने दाखवून दिले की, अवघी तीन दिवसांच्या आतील अर्भकेदेखील आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. आजीच्या ओवीला पर्याय बाजारात का मिळत नाही, याचे उत्तर इथे आहे!

खुळखुळा आपल्याकडे नवा नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात आत खडे घातलेले मातीचे खुळखुळे सापडले आहेत. या खेळण्याची थोरवी त्याच्या साधेपणात आहे. पहिल्या दोन महिन्यांत बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. तेव्हा तो मोठ्यांनीच हळुवार वाजवायचा. तीन-चार महिन्यांचे झाले की बाळ वस्तू मुठीत धरू लागते. मग मूठ हलली की आवाज होतो, थांबली की थांबतो, हा कार्यकारणभावाचा पहिला धडा त्याला आपल्याच हाताने मिळतो. एकदा कळ दाबली की मिनिटभर गात राहणाऱ्या यंत्रात हा धडा हरवतो. तिथे बाळ केवळ श्रोता उरते, आणि तेही सक्तीचा.

आवाजाची पारख हाही दुर्लक्षित विषय आहे. दुकानात खेळणे हातभर अंतरावरून ऐकले जाते. बाळाचा हात तेवढा लांब नसतो, ते खेळणे थेट गालाशी नेते. अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने वाढते. म्हणून घेणाऱ्याने ते आपल्याच कानाशी धरून पाहावे. आपल्याला नकोसे वाटले, तर बाळालाही नको.

त्याहून गंभीर धोका बटणाएवढ्या चपट्या बॅटरीचा. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतील भाग भाजून निघू शकतो. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणे घरात आणूच नये. घुंगरू, मणी, सैल डोळे सुटू शकत असतील तर तेही नकोत. पाळण्यावरचे चिमणाळे बाळ उठून बसू लागण्याआधी काढावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्याने त्यांच्या मालावर ते नसेलही; तिथे आपली नजर हवी. कर्नाटकातील चन्नपट्टणचे खुळखुळे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. हलके लाकूड कातावर फिरवून त्या घर्षणाच्या उष्णतेने त्यावर रंगीत लाख चढवतात आणि केवड्याच्या जातीच्या पानाने चकाकी आणतात. मात्र नावावर विसंबू नये. रंग लाखेचाच आहे ना, हे विचारून घ्यावे.

आता एक नाजूक गोष्ट. अनेक घरांत खुळखुळा वाजवून बाळ वळले, म्हणजे ऐकू येते असे मानले जाते. परंतु बाळ हाताच्या हालचालीला किंवा सावलीलाही वळते. जन्मतः ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घर निश्चिंत राहते आणि दोन वर्षांनी ‘अजून बोलत कसे नाही’ हा प्रश्न पडतो. तोवर भाषेचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. खरी तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे उपकरण ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांचा आरंभ, असा क्रम वैद्यक सांगते. पालघर येथे २०१३ साली प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. बारशाला खुळखुळा नेणाऱ्या मावशी-आत्याने ही तपासणी झाली का, एवढे बाळाच्या आईला विचारण्यास मुळीच संकोच करू नये.